घटक ७ : ‘व्हिसा लागला’ म्हणजे काय? – परदेशप्रवेशाच्या नियमांची भाषा

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर परदेशप्रवेशाविषयीचा नियम वाचून त्यातील स्वतंत्र अटी तुम्हाला वेगळ्या करता याव्यात, बोलभाषेतील सैल शब्दप्रयोग व नियमाच्या भाषेतील काटेकोर शब्दप्रयोग यांतील अंतर ओळखता यावे आणि असा नियम सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत लिहून देता यावा, एवढी अपेक्षा आहे. उदाहरणे मध्य आशियातील देशांची, विशेषतः उझबेकिस्तान व कझाकस्तान यांची घेतली आहेत. त्याचे कारण प्रास्ताविकात येईल.

७.१ प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी हे प्रकार पाहिले. नियमाची भाषा मात्र बहुधा राहून जाते. ती वकिलांनी वाचायची असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात नियमाचा कागद आज कोणाच्याही घरी येऊन पडतो.

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यातल्या उंद्री या गावाहून आमच्या अभ्यासकेंद्रावर एक विद्यार्थिनी येत असे. एका रविवारी संपर्कसत्र संपल्यावर तिचे वडील बाहेर थांबले होते. मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी समरकंदला निघाला होता. त्यांच्या हातात भ्रमणध्वनीवरून छापून घेतलेला एक कागद होता. ते म्हणाले, “सर, पोराचा व्हिसा लागला. पन यावर तीस दिवस लिहेल हाये. कालेज त सहा वर्साचं हाये. मंग हे काय?” शहरातल्या एका सल्लागाराने त्यांना सांगितले होते, “व्हिसा लागला आहे, पुढचे तिकडे होते.” त्या ‘पुढचे’ आणि ‘तिकडे’ या दोन शब्दांवर त्यांनी सोयाबीनचे दोन हंगाम आणि शेतावरचे कर्ज लावले होते.

त्यांचा प्रश्न भाषेचा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. कागद खोटा नव्हता. सल्लागाराचे वाक्यही शब्दशः खोटे नव्हते. पण त्या वाक्यात किमान पाच प्रश्नांची उत्तरे एकाच क्रियापदाखाली झाकली गेली होती. ती उघडी करणे हा या घटकाचा विषय आहे.

मध्य आशियाचीच उदाहरणे का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. महाराष्ट्रातील, त्यातही विदर्भ-मराठवाड्यातील अनेक कुटुंबांचा परदेशाशी पहिला संबंध आज किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान या देशांशी येतो आणि तो वैद्यकीय शिक्षणाच्या निमित्ताने येतो. एकेकाळी हा सर्व प्रदेश सोव्हिएत संघात होता. ताश्कंदला जाणाऱ्या भारतीयाला सोव्हिएत व्हिसा घ्यावा लागे. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद करार झाला तेव्हा हीच स्थिती होती. १९९१ मध्ये त्या प्रदेशात पाच स्वतंत्र देश झाले आणि त्यांच्याबरोबर प्रवेशाचे पाच वेगळे नियम आले. एका देशाचे ऐकून दुसऱ्या देशात जाणारा मनुष्य येथेच पहिल्यांदा चुकतो.

७.२ ‘लागणे’ : एक क्रियापद, अनेक अर्थ

पुढील तीन वाक्ये मोठ्याने वाचा.

(अ) उझबेकिस्तानला जायला व्हिसा लागतो.
(आ) माझ्या भावाचा व्हिसा लागला.
(इ) कझाकस्तानला व्हिसा लागत नाही.

पहिल्या वाक्यात ‘लागणे’ म्हणजे आवश्यक असणे. दुसऱ्यात ‘लागणे’ म्हणजे मिळणे. नोकरी लागते, निकाल लागतो, नंबर लागतो, तसा व्हिसा लागतो. या दुसऱ्या अर्थच्छटेत एक गोष्ट लपते. नोकरी एकदा लागली की लागली, अशी आपली भावना असते आणि तोच कायमपणा व्हिसालाही चिकटतो. शिवाय ‘लागला’ या अकर्तृक वाटणाऱ्या रचनेत देणारा कोण हे सांगावे लागत नाही. कोणी दिला, कशासाठी दिला, किती काळासाठी दिला, या प्रश्नांना वाक्यात जागाच नाही. मराठी व्याकरणाची ही सोय दैनंदिन बोलण्यात फार उपयोगी आहे. कागदाच्या व्यवहारात ती घातक ठरू शकते.

तिसरे वाक्य सर्वांत फसवे आहे. ‘व्हिसा लागत नाही’ हे ऐकणाऱ्याला ‘अट नाही’ असे ऐकू येते. कझाकस्तानने ७ जुलै २०२२ पासून भारतीय नागरिकांना व्हिसाविना प्रवेश देण्यास सुरुवात केली. वाक्य खरे आहे. परंतु ती सवलत एका वेळी १४ दिवसांपुरती आहे आणि १८० दिवसांच्या काळात एकूण ४२ दिवसांपलीकडे राहता येत नाही. व्हिसा नसला तरी मुदत आहेच. उलट, व्हिसाच्या कागदावर मुदत छापलेली तरी असते. येथे ती प्रवाशाने स्वतः मोजायची असते.

आणखी एक शब्द पाहा : ‘मिळेल’. “विमानतळावर प्रवेश मिळेल” या वाक्यातील भविष्यकाळ आश्वासनाचा आहे. नियमाची भाषा मात्र शक्यतेची असते : ‘मिळू शकेल’, ‘नाकारता येईल’, ‘अधिकार राहील’. जवळजवळ सर्व देशांत सीमेवरील अधिकाऱ्याला व्हिसा असलेल्या माणसालाही परत पाठवता येते. व्हिसामुळे प्रवेश मागण्याची पात्रता येते. प्रवेशाचा निर्णय सीमेवर होतो. ‘शकणे’ हे साहाय्यक क्रियापद अशा वाक्यांतून गाळले, तर अनुवाद चुकीचा होतो, हे लक्षात ठेवा.

७.३ मुदत : तीन वेगळी घड्याळे

उंद्रीच्या त्या कागदाकडे परत येऊ. तो उझबेकिस्तानचा ई-व्हिसा होता. ही पद्धत त्या देशाने १५ जुलै २०१८ पासून सुरू केली. ज्यांच्यासाठी ती खुली झाली त्या देशांत भारतही होता. अर्ज संगणकावर भरायचा, शुल्क तेथेच भरायचे आणि उत्तर ई-मेलवर यायचे. सुरुवातीला एका प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क २० डॉलर होते. त्या व्हिसावर जास्तीत जास्त ३० दिवस राहता येते. मात्र व्हिसा वापरण्याची मुदत दिल्या तारखेपासून ९० दिवसांची असते.

येथे ३० आणि ९० हे दोन आकडे आले आणि गोंधळ सुरू झाला. वडील म्हणत होते तीस दिवस. सल्लागाराने मुलाला नव्वद सांगितले होते. दोघेही कागदावरचाच आकडा सांगत होते.

यांतील पहिले घड्याळ वैधतेचे आहे : या तारखेपासून या तारखेपर्यंत हा कागद चालेल. दुसरे घड्याळ वास्तव्याचे आहे : देशात पाऊल ठेवल्यापासून इतके दिवस राहता येईल. पहिले घड्याळ व्हिसा देणाऱ्याने सुरू केलेले असते आणि तुम्ही उंद्रीत घरी बसलात तरी ते चालतच राहते. दुसरे तुम्ही सीमा ओलांडता तेव्हा सुरू होते. एक जूनला मिळालेला व्हिसा दिल्याच्या दिवसासह ९० दिवस मोजले तर २९ ऑगस्टपर्यंत वैध राहील. आता एखादा प्रवासी २० ऑगस्टला पोहोचला, तर त्याच्याकडे ३० दिवस आहेत की १०? अशा वेळी बोलभाषेतील तर्क लढवू नये. कागदावरील दोन मर्यादांपैकी जी आधी येईल ती पाळावी.

तिसरे घड्याळ दिवसांचे नसून खेपांचे आहे. एका प्रवेशाचा व्हिसा म्हणजे एकदा आत जाण्याची परवानगी. आजी वारली म्हणून विद्यार्थी पाचव्या दिवशी गावी आला, तर उरलेले पंचवीस दिवस शिल्लक राहत नाहीत. तो कागद त्याने देश सोडला त्या क्षणी संपला. मराठीत आपण ‘व्हिसाचे दिवस शिल्लक आहेत’ असे म्हणतो, जणू ते रजेचे दिवस आहेत. रजा साठते, व्हिसा साठत नाही.

आता कझाकस्तानचे १४, ४२ आणि १८० हे आकडे घेऊ. समजा, एक व्यापारी ५ ते १८ जानेवारी, मग १० ते २३ फेब्रुवारी आणि पुन्हा १२ ते २५ मार्च असा तीन वेळा तेथे राहिला. प्रत्येक खेपेस १४ दिवस झाले, म्हणजे एकूण ४२. एकही खेप नियमाबाहेर नाही. तरी एप्रिलमध्ये तो चौथ्यांदा जाऊ शकत नाही. ५ जानेवारी हा पहिला दिवस धरला, तर लीप वर्ष नसताना १८० वा दिवस ३ जुलैला येतो. म्हणजे ४ जुलैपूर्वी त्याला व्हिसाविना जाता येणार नाही. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब स्वतः करून पाहा. महिन्यांच्या संख्येवर विसंबलात तर चुकाल. ‘सहा महिने’ आणि ‘१८० दिवस’ या दोन वेगळ्या मुदती आहेत.

या संदर्भात आपल्याच भाषेतील काही अव्यये तपासण्यासारखी आहेत. ‘१० तारखेपर्यंत’ यात १० तारीख धरायची की नाही? ‘तीन दिवसांच्या आत’ यात येण्याचा दिवस मोजायचा की नाही? भारतीय कायद्याने हा प्रश्न सोडवलेला आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम ९ प्रमाणे ‘पासून’ या अर्थाच्या शब्दाने पहिला दिवस वगळला जातो आणि ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दाने शेवटचा दिवस धरला जातो. पण हा आपला कायदा आहे, तो ताश्कंदच्या विमानतळावर लागू होत नाही. परदेशात पोहोचल्याचा दिवस पहिला आणि निघण्याचा दिवस शेवटचा, असे दोन्ही दिवस मोजणे हाच सुरक्षित मार्ग. ‘कामाचे दिवस’ व ‘दिनदर्शिकेचे दिवस’ हा भेदही असाच. कझाकस्तानातील १४ दिवस दिनदर्शिकेचे आहेत, त्यांत शनिवार-रविवार येतात. यजमानाने पाहुण्याची माहिती कळवण्याचे तीन दिवस मात्र कामाचे आहेत.

*(आपली प्रगती तपासा – १ : ‘माझ्याकडे ९० दिवसांचा व्हिसा आहे’ या वाक्यातून कोणकोणते वेगळे अर्थ निघू शकतात? प्रत्येक अर्थासाठी एक संदिग्ध नसलेले वाक्य लिहा.)*

७.४ कशासाठी? – हेतूचा रकाना

मुदतीइतकीच महत्त्वाची आणि त्याहून दुर्लक्षित बाब म्हणजे प्रवासाचा हेतू. उंद्रीच्या कागदावर व्हिसाच्या प्रकारापुढे पर्यटन असे छापलेले होते. सहा वर्षे शिकायला निघालेल्या मुलाच्या हातात तीस दिवसांच्या पर्यटकाचा कागद होता. ‘पुढचे तिकडे होते’ या वाक्याचा खरा अर्थ तेव्हा कोठे उलगडला : पुढची जबाबदारी सांगणाऱ्याची नाही.

पर्यटनाच्या परवानगीवर महाविद्यालयात शिकता येते, असे त्या कागदावर कोठेही लिहिलेले नव्हते. नियमाचा अर्थ लावण्याचे एक मूलतत्त्व येथे लागू पडते. परवानगीच्या कागदावर जे लिहिले आहे तेवढेच दिलेले असते. बोलण्यात आपण न लिहिलेल्या गोष्टी सौजन्याने गृहीत धरतो. पाहुण्याला ‘बसा’ म्हटले की त्यात चहा आलाच. परवानगीच्या भाषेत चहा येत नाही.

ही चूक केवळ दंडावर भागत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी परदेशातील वैद्यकीय पदवीधारकांसाठी विनियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर १२ महिन्यांची आंतरवासिता, ही दोन्ही एकाच परदेशी संस्थेत पूर्ण व्हावी लागतात आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे लागते. असे न झाल्यास पदवी मिळूनही भारतात व्यवसायाची नोंदणी होत नाही. म्हणजे व्हिसाचा प्रत्येक खंड हा त्या ५४ महिन्यांच्या दोऱ्यातील तुटलेला धागा ठरू शकतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी पुढे समरकंदमध्ये प्रवेश घेतला. संस्था बदलली की किती प्रश्न उभे राहतात, हे त्या वर्षांत पुष्कळ घरांनी अनुभवले आहे.

किर्गिझस्तानचा प्रसंग आणखी अलीकडचा आहे. मे २०२४ मध्ये बिश्केक शहरात परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले. तेथील भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना घरातच थांबण्याची सूचना दिली. अशा रात्री गावाकडून फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘निघून येता येते का?’ त्याचे उत्तर तिकिटापेक्षा कागदावर अधिक अवलंबून असते. ज्याचा पासपोर्ट त्या दिवशी नूतनीकरणासाठी कोणत्यातरी टेबलावर पडला असेल, त्याला विमानतळ गाठूनही बाहेर पडता येत नाही. आणि ज्याचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तो बाहेर पडला तरी परतण्यासाठी पुन्हा अर्जापासून सुरुवात करतो.

त्या मुलाचे काय झाले, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आम्ही त्या दिवशी अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात बसून संस्थेला एक पत्र लिहिले : शैक्षणिक व्हिसासाठी लागणारे निमंत्रणपत्र द्यावे. ते यायला पाच आठवडे लागले. तिकिटाचे पैसे बुडाले. मुलगा वर्ग सुरू झाल्यावर पोहोचला, पण विद्यार्थी म्हणून पोहोचला.

७.५ अर्जातील नाव : ‘इसम’ आणि वडील

भाषेच्या अभ्यासकाला प्रवेशाच्या अर्जाइतके मनोरंजक वाचन क्वचितच मिळते. उझबेक भाषेत अर्जाला म्हणतात ‘अरिझा’. आपला ‘अर्ज’ त्याच अरबी घराण्यातला. मुदतीला तेथे ‘मुद्दत’ म्हणतात, शिक्क्याला ‘मुहर’, प्रवासाला ‘सफर’, परवानगीला ‘रुखसत’. कागदपत्राला शब्द आहे ‘हुज्जत’! मूळ अरबी शब्दाचा अर्थ पुरावा, युक्तिवाद. उझबेकमध्ये त्याचा दस्तऐवज झाला, मराठीत भांडण झाले. कार्यालयात कागदपत्र मागितले की हुज्जत सुरू होते, हा आपला अनुभव पाहता दोन्ही भाषांना दोष देता येणार नाही. आणि अर्जात एक रकाना असतो ‘इस्म’, म्हणजे नाव. पोलिसांच्या पंचनाम्यातील आपला ‘इसम’ तोच. आपल्याकडे नावाचा माणूस झाला.

ही नाती योगायोगाची नाहीत. फारसी ही दोन्हीकडे दीर्घकाळ राज्यकारभाराची भाषा होती आणि अरबी शब्दही बहुधा तिच्याच हाताने आले. मराठेशाहीच्या मोडी कागदपत्रांत वाटेने जाण्याच्या परवान्याला ‘दस्तक’ आणि ‘राहदारी’ हे शब्द भेटतात, तेही फारसीच. ‘व्हिसा’ मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ ‘पाहिलेला (कागद)’. पाहणे या अर्थाचा तो लॅटिन धातू आणि संस्कृतातील ‘विद्’ हे एकाच मूळ इंडो-युरोपीय धातूपासून आले आहेत. म्हणजे शिकायला जाणाऱ्याची विद्या आणि त्याचा व्हिसा ही दूरची भावंडे आहेत. मराठीत पासपोर्टला ‘पारपत्र’ आणि व्हिसाला ‘प्रवेशपत्र’ असे पर्याय सुचवले गेले. ‘पारपत्र’ वृत्तपत्रांत टिकले. ‘प्रवेशपत्र’ परीक्षेच्या कागदाने आधीच अडवून ठेवलेले असल्याने रुजले नाही, आणि माझ्या मते रुजवण्याचा आग्रहही धरू नये. ज्या शब्दाने वाचक चुकीच्या खिडकीसमोर उभा राहील, तो शब्द शुद्ध असून काय उपयोग?

आता नावाकडे वळू. महाराष्ट्रात नाव तीन पदरी असते : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात : ‘उपनाम’ म्हणजे आडनाव, आणि ‘दिया गया नाम’. हे हिंदी शब्द आहेत. मराठी वाचक ‘उपनाम’ म्हणजे टोपणनाव समजू शकतो, हेही ध्यानात घ्या. वडिलांचे नाव कोणी दिलेल्या नावाला जोडून लिहितो, कोणी फक्त शेवटच्या पानावर ठेवतो. परिणामी एकाच मुलाची गुणपत्रिका तीन शब्दांची आणि पासपोर्ट दोन शब्दांचा निघतो. परदेशी संस्था गुणपत्रिका पाहून निमंत्रणपत्र तयार करते, सीमेवरचा अधिकारी पासपोर्ट पाहतो आणि दोन नावांची दोन माणसे होतात.

मध्य आशियातील अर्जात पित्याच्या नावाचा स्वतंत्र रकाना असतो, ही आपल्यासाठी खरे तर ओळखीची खूण आहे. रशियन प्रभावाने तेथे पितृनामाला प्रत्यय लागतो. तुर्की वळणाने उझबेकमध्ये ‘ओगली’ व ‘किझी’ म्हणजे ‘मुलगा’ व ‘मुलगी’ हे शब्द जोडतात. आपण काहीच न जोडता नुसते वडिलांचे नाव मध्ये ठेवतो. रकाना पाहून वडिलांचे नाव लिहावे, परंतु ते पासपोर्टवर जेथे व जसे आहे त्याच्याशी जुळते ना, हे आधी पाहावे.

वर्णांतराची अडचण वेगळीच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. मराठी घरात ‘द्न्य’ने सुरू होते, हिंदी प्रभावाने ‘ग्य’ने. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचण्याच्या दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ चिन्हे. त्या यंत्राला उच्चार कळत नाही, फक्त रोमन अक्षरे कळतात. किर्गिझस्तान-कझाकस्तानात पुढे हेच नाव सिरिलिक लिपीत जाते. रशियन वर्णमालेत आपल्या ‘ह’साठी नेमके अक्षर नाही, म्हणून महेशचा उच्चार ‘मखेश’च्या जवळ जातो. त्याने बिघडत नाही. बिघडते ते रोमन अक्षरांतील फरकाने. अर्जात पासपोर्टवरील अक्षरे एकेक करून उतरवावीत, उच्चारावरून लिहू नयेत.

७.६ पोहोचल्यानंतर

थोडक्यात सांगायचे तर सीमा ओलांडल्याने नियम संपत नाहीत. उझबेकिस्तानात उतरल्यानंतर तीन दिवसांच्या आत राहत्या ठिकाणाची नोंदणी व्हावी लागते. हॉटेलात उतरल्यास ते काम हॉटेल करते. त्या संगणकीय व्यवस्थेचे नाव ‘ई-मेहमान’ आहे. नाव इतके आतिथ्याचे असले तरी नोंद नसल्यास पाहुण्यालाच उत्तर द्यावे लागते. नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या खोलीवर राहणारा विद्यार्थी हे विसरतो, कारण घरी उतरलेला माणूस कोणाकडे ‘नोंदवायचा’ असतो ही कल्पनाच आपल्याकडे नाही. काही ठिकाणी भागापुरती वेगळी परवानगी लागते. ताजिकिस्तानचा व्हिसा असूनही पामीरच्या बदख्शान प्रांतात जायला स्वतंत्र परवाना लागतो. ‘देशाचा व्हिसा’ म्हणजे देशाचा प्रत्येक कोपरा, हेही गृहीतक तपासावे.

७.७ नियम मराठीत लिहिताना

पुढील वाक्य मी या पाठासाठी मुद्दाम रचले आहे. अशी वाक्ये तुम्ही पुष्कळ वाचली असतील :

“सदर व्हिसाधारकाने विहित कालावधीत एकल प्रवेशाच्या अधीन राहून कमाल ३० दिवस वास्तव्य करणे अनुज्ञेय असून नोंदणी अनिवार्य राहील.”

व्याकरण शुद्ध आहे, शब्दही शुद्ध आहेत. पण ‘विहित कालावधी’ कोणता? ‘अधीन राहून’ म्हणजे काय करायचे? नोंदणी कोणी करायची, कोठे, केव्हापर्यंत? कर्मणी रचनेने कर्ता पुसला गेला. ‘व्हिसा लागला’ या बोलभाषेतील वाक्याचा हा संस्कृतप्रचुर भाऊ आहे. दोघेही माहिती लपवतात, एक सैलपणाने आणि दुसरा भारदस्तपणाने.

आता हेच असे लिहून पाहू :

“या व्हिसावर तुम्ही एकदाच देशात जाऊ शकता. जाण्याची शेवटची तारीख कागदावर छापली आहे. आत गेल्यावर जास्तीत जास्त ३० दिवस राहता येईल. पोहोचल्याचा दिवस पहिला धरा. हॉटेलात राहत नसाल, तर घरमालकाकडून तीन दिवसांच्या आत तुमची नोंदणी करून घ्या आणि तिची छापील प्रत परत येईपर्यंत जवळ ठेवा. हा व्हिसा पर्यटनासाठी आहे. यावर शिकता किंवा नोकरी करता येणार नाही.”

वाक्ये वाढली, शब्द वाढले. प्रत्येक वाक्यात मात्र एकच अट आहे आणि ‘कोणी, केव्हापर्यंत, काय’ याचे उत्तर आहे. शेवटी नियम कोणत्या तारखेस तपासला ते जरूर लिहावे. कझाकस्तानची वर दिलेली सवलत जुलै २०२२ पूर्वी नव्हती. आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही. म्हणून संबंधित देशाच्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्यावी आणि आपल्या टिपणावर तारीख टाकावी. तारीख नसलेला नियम वाचकाला देऊ नये.

७.८ स्वाध्याय

१. तुमच्या गावातील किंवा नात्यातील एखाद्या परदेशी गेलेल्या व्यक्तीचा जुना व्हिसा मिळाल्यास (नाव व क्रमांक झाकून) वाचा. वैधता, वास्तव्य, प्रवेशांची संख्या, हेतू आणि देणारे कार्यालय या पाच बाबी त्यावर कोठे आहेत ते शोधा. एखादी बाब सापडली नाही, तर ती कोणाला विचारावी लागेल?

२. एक प्रवासी कझाकस्तानात १ ते १४ मार्च आणि २० एप्रिल ते ३ मे असा दोनदा राहिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याला पुन्हा किती दिवस व्हिसाविना राहता येईल? हिशोबाच्या पायऱ्या मराठीत लिहा.

३. ‘मुदत’, ‘हुज्जत’, ‘इसम’, ‘दस्तक’ हे शब्द तुमच्या परिसरातील बोलीत आज कोणत्या अर्थाने वापरले जातात, ते वडीलधाऱ्यांशी बोलून नोंदवा. वऱ्हाडी बोलीतील उच्चार जसेच्या तसे लिहा.

४. “पुढचे तिकडे होते” हे वाक्य ऐकलेल्या पालकाने सल्लागाराला कोणते पाच प्रश्न विचारावेत? प्रत्येक प्रश्न असा लिहा की त्याचे उत्तर ‘होय’, ‘लागला’ किंवा ‘होईल’ या एका शब्दात देता येऊ नये.